नवमीची सवाष्ण

पाचोऱ्याच्या फाटकाशी तिकीट तपासनिसानं माझं तिकीट उलटंसुलटं करून पाहिलं.

"बाई, हे नाशिकचं आहे. तुम्ही पाचोऱ्याला उतरलात."

"मुद्दामच उतरले. संध्याकाळच्या गाडीनं पुढं जाईन. तिकिटावर तसा शेरा करून द्या."

"पाहुण्यांकडं आलात?"

"श्राद्धाला."

त्याचा आवाज एकदम खाली आला. "कोण वारलं?"

"एक बाई. फार जवळची. बारा वर्षं झाली."

त्यानं शेरा केला आणि मी न विचारताच टांगे कुठं उभे असतात तेही सांगितलं. मी टांगा केला नाही. चालतच निघाले. गळ्यातलं मंगळसूत्र सारखं हाताला लागत होतं. दहा वर्षं ते ट्रंकेच्या तळाशी पडून होतं. त्या दिवशी सकाळी अकोल्याला गाडी पकडण्याआधी मी ते काढून गळ्यात घातलं आणि चष्मा पुसून, आरशापुढं उभं राहून ठसठशीत कुंकू लावलं. अविधवा नवमीला जेवायला सवाष्णच लागते.

कापडबाजारातून डावीकडं वळलं की तिसरं घर. दार उघडंच होतं. आतून तळणाचा वास येत होता. पदर खोचलेली, पिठानं हात भरलेली एक बाई उंबऱ्यात उभी राहून रस्त्याकडं बघत होती. तिशी ओलांडली नसेल, पण चेहरा थकलेला.

"त्र्यंबक कोठावद्यांचं घर हेच का?"

"हो. हे दुकानात गेलेत, येतीलच. तुम्ही?"

"मी नलिनी. अकोल्याहून आले. तुमच्या घरातल्या पहिल्या बाई, प्रमिला, माझ्या ओळखीच्या. आम्ही एकाच सॅनेटोरियममध्ये होतो. खाटाही शेजारीशेजारी."

तिचा पिठाचा हात गळ्याकडं गेला. मंगळसूत्रात एक चांदीचा लहानसा टाक ओवलेला होता. पहिली बायको गेली की दुसरीच्या गळ्यात बांधतात, तसला. तिनं तो मुठीत घट्ट धरला.

"आज त्यांची नवमी आहे," ती म्हणाली. "आजच कशा आलात तुम्ही?"

"नवमी म्हणूनच आले."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "ताई, समोरच्या वहिनींना सांगून ठेवलं होतं सवाष्ण म्हणून. सकाळी निरोप आला, अडचण आली म्हणून. आता ऐनवेळी कुणाला बोलवू, म्हणून दारात उभी होते. त्यांनीच पाठवलं तुम्हाला. मोठ्या बाईंनीच."

मोठ्या बाई. ती मला तसं म्हणत होती.

पाय धुऊन मी आत गेले. समोरच्या भिंतीवर चंदनाचा हार घातलेला एक फोटो होता. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, डोक्यावरून पदर, गालांची हाडं वर आलेली, डोळे कॅमेऱ्याला भ्यालेले. लग्नाचा फोटो मधून कापलेला होता. कडेला नवऱ्याच्या कोटाची बाही तेवढी राहिली होती.

फोटो माझा होता.

लग्नानंतर दोन वर्षांनी मला क्षय झाला. आम्ही तेव्हा अमळनेरला राहत होतो. त्र्यंबकनं मला मिरजेकडच्या एका सॅनेटोरियममध्ये नेऊन ठेवलं. "बरी हो, न्यायला येतो," म्हणाला. पुन्हा आला नाही. आई-वडील नव्हते, लग्न जमवणारा मामा त्याच वर्षी गेला, भाऊ फौजेत. दीड वर्षानं बरी होऊन बाहेर पडले तेव्हा भाऊ रजा काढून मला घ्यायला आला. आधी तो अमळनेरला जाऊन आला होता. घर दुसऱ्याच कुणाचं झालं होतं. शेजाऱ्यांनी त्याला सांगितलं, बायको दवाखान्यातच वारली, त्र्यंबकनं तेरावा घातला आणि दुःखानं गाव सोडलं. भाऊ मला हे सांगताना आधी हसला आणि मग रडला. मी दोन्ही केलं नाही. माझ्यात तेवढा जीवच नव्हता.

पुढं मी अकोल्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले. आणि एका श्रावणात एका कापडवाल्याचा पाचोऱ्याचा ट्रंककॉल जोडून देताना पलीकडून आवाज आला, "हॅलो, त्र्यंबक कोठावदे बोलतोय." मी कानावरचा हेडफोन काढला नाही. व्यापारी म्हणाला, पितृपक्षात नवमीला येतो. त्र्यंबक म्हणाला, "त्या दिवशी नको, शेठ. घरी पहिलीचं पान असतं."

भावाची बदली तेव्हा देवळालीला झाली होती. त्याच्याकडं जायला मी नवमीच्याच दिवशीचं तिकीट काढलं.

मी काय करायचं ते ठरवूनच आले होते. पाटावर बसायचं. माझ्या श्राद्धाचं जेवायचं. जेवण झाल्यावर घरातल्या जोडप्यानं सवाष्णीच्या पाया पडायचं असतं. तो वाकला की सगळ्यांसमोर आपलं नाव सांगायचं. महिनाभर मी ते वाक्य मनात घोळवत होते. माझ्या जागी येऊन बसलेली बाईही त्या वाक्याखाली चिरडली जाईल, हे मला कळत होतं. जाऊ दे, असंच वाटत होतं.

"ताई, आतच या. बोलत बोलत तळते," तिनं हाक मारली. तिचं नाव कौसल्या. माहेर धरणगावचं.

चुलीवर कढी उकळत होती. एका बाजूला डांगराची भाजी, खिरीचं पातेलं. ती गिलक्याची भजी सोडत होती.

"तुमचे मालक असतात ना अकोल्यालाच?"

"मालक आहेत. धडधाकट आहेत. कापडाचा धंदा आहे."

"आमच्यासारखाच." ती थोडी थांबली. "ताई, एक विचारू? त्या कशा होत्या हो? फार रागीट होत्या?"

"का?"

तिनं दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "हे सांगतात, जाताना शाप देऊन गेल्या. माझ्या जागी येईल तिची कूस उजवू देणार नाही, म्हणाल्या. माझं दोनदा राहिलं, ताई. दोन्ही वेळा पाचव्या महिन्यात गेलं. दुसऱ्या वेळेला इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जळगावला मोठ्या दवाखान्यात दाखवा, यावर उपाय आहे. हे म्हणाले, डॉक्टर काय करणार? तिचं समाधान झालं पाहिजे."

"आणि समाधान कशानं होतं तिचं?"

"शनिवार करते. सोमवार करते. रोज आधी त्यांना नैवेद्य, मग आम्ही. रंगीत पातळ आणलं की हे म्हणतात, तिला आवडायचं नाही. माहेरी जाते म्हटलं तरी तेच. वडील आजारी होते तेव्हा दोन दिवस जाऊन आले. आल्यावर मला ताप भरला. हे म्हणाले, बघ, सांगितलं होतं ना."

भजं तेलात करपायला लागलं होतं. मी तिच्या हातातून झारा घेतला आणि ते बाहेर काढलं. त्यानं मला मारलं होतं, ते एक वेळ मी समजू शकत होते. आजारी बायको नको झाली असेल. पण मारून झाल्यावर बारा वर्षं तो मला कामाला लावत होता. या पोरीच्या छातीवर बसवत होता. तिची दोन मुलं माझ्या नावावर घातली होती. आणि ती बिचारी माझ्यापुढं रोज ताट ठेवत होती.

"त्या मला सोडतील का हो कधी?" तिनं विचारलं.

"आधी कावळ्याचं पान ठेवून ये," मी म्हटलं.

मागच्या अंगणात भिंतीवर तिनं पान ठेवलं आणि हात जोडून उभी राहिली. कावळे होते. समोरच्या लिंबावर बसून बघत होते. एकही खाली येईना.

"दरवर्षी असंच होतं," ती रडवेली होऊन म्हणाली. "तास तास उभी राहते. त्यांना माझ्या हातचं नकोच असतं."

"नाही शिवणार तो," मी म्हटलं. "तू आत चल."

तेवढ्यात पुढच्या दारात चपला वाजल्या. कौसल्या पदर सावरत पुढं धावली. "अहो, बघा तरी कोण आलंय! अकोल्याहून आल्यात. मोठ्या बाईंच्या दवाखान्यातल्या मैत्रीण. आपली सवाष्ण!"

त्र्यंबक चपला काढत होता. मागे एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आत येत होते. त्र्यंबकनं हसतच मान वर केली. केस विरळ झाले होते, पोट सुटलं होतं, पण हसणं तेच. ते हसणं तसंच तोंडावर राहिलं आणि डोळे विझले. एक पाय चपलेत, एक बाहेर.

"बस... बसा ना," तो म्हणाला.

"बसणारच आहे," मी म्हटलं. "जेवायलाच आले."

ते म्हातारे म्हणजे कौसल्याचे वडील, अण्णा. जिनिंगमध्ये मुकादम होते, आता घरीच असत. मुलीला मदत म्हणून नवमीला येत. त्यांनी मला वाकून नमस्कार केला. "फार बरं झालं बाई, तुम्ही आलात. माझ्या पोरीच्या मागचं सुटू द्या आता."

कौसल्यानं पाट फोटोखालीच मांडला होता. मी बसले. समोर त्र्यंबक भिंतीला टेकून उभा होता. त्याला वरही बघता येईना आणि खालीही.

"घरधन्यानं आग्रह करायचा असतो," मी म्हटलं. "खीर तुम्ही वाढा, त्र्यंबकराव."

त्यानं पातेलं उचललं. पळी वाटीवर आपटली, खीर पाटावर सांडली. कौसल्या हसून म्हणाली, "ह्यांना सवय नाही हो."

मी सावकाश जेवत होते. भजी मागून घेतली. कढी दोनदा घेतली. इतकं चवीनं मी बारा वर्षांत जेवले नसेन. तो वाढत होता आणि त्याच्या कपाळावरचा घाम नाकावर येत होता.

"शेवटी तुम्ही जवळ होतात का प्रमिलाच्या?" मी विचारलं.

अण्णाच बोलले, "होते ना. ह्यांच्या हातावरच गेली म्हणे बिचारी. लग्नाचं बोलणं झालं तेव्हा सांगतानासुद्धा रडले होते."

"असं?" मी ताक प्याले. "मी तर तिथं दीड वर्ष होते, अण्णा. मला हे सोडून गेल्यावर... म्हणजे, तिला सोडून गेल्यावर, हे तिथं कधी दिसले नाहीत."

अण्णांनी जावयाकडं बघितलं. जावई म्हणाला, "यांना आठवत नसेल. फार वर्षं झाली."

"मला सगळं आठवतं."

पान उचललं. कौसल्यानं माझी ओटी भरली, हिरवं लुगडं पुढं ठेवलं. मग नवऱ्याला म्हणाली, "चला, पाया पडू दोघं."

"तू पड. मी... दुकान उघडं आहे," तो म्हणाला.

"असं काय करता! आजच्या दिवशी?"

"पडा, जावईबापू," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज आता वेगळा होता.

तो आला. कौसल्याच्या शेजारी गुडघे टेकून बसला. ती आधी वाकली. माझी पावलं तिनं दोन्ही हातांनी धरली आणि सोडेचना. "ताई, तुम्ही त्यांच्या मैत्रीण. तुमचं ऐकतील त्या. त्यांना म्हणावं, माझं काही चुकलं असलं तर पोटात घाला. पण आता सोडा मला. मला फार भीती वाटते हो त्यांची."

महिनाभर घोळवलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं, ते मी गिळलं. ते वाक्य मी बोलले असते तर तो सुटला असता. डोकं धरून बसला असता, मी खोटारडी आहे म्हणाला असता, वेडी म्हणाला असता. आणि ही पोर माझंच भूत समोर आलं म्हणून किंचाळली असती.

"मी कशाला सांगू? हे सांगतील," मी म्हटलं. "त्र्यंबकराव, सांगा हिला. प्रमिला मरताना काय बोलली?"

त्यानं उठायला हात टेकले.

"तुम्ही सांगता की मी सांगू? मी सांगायला लागले तर दारात उभी राहून सांगेन. अख्ख्या कापडबाजाराला ऐकू जाईल."

"जाऊ दे ना," तो पुटपुटला. "झालं ते झालं."

"काय झालं?" अण्णांनी काठी आपटली. "नीट बोला. काय म्हणाली पोर?"

"काही नाही म्हणाली."

"म्हणजे शाप नाही दिला?" कौसल्यानं मान वर केली.

"नाही."

"पुढं," मी म्हटलं. "पुढचंही सांगा."

त्र्यंबकनं एकदाच माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात विनवणी होती. सॅनेटोरियमच्या फाटकातून तो जात होता तेव्हा मीही त्याच्याकडं असंच बघितलं होतं.

"ती मेली नव्हती," तो म्हणाला.

"मग कुठं आहे?"

त्यानं बोट उचललं. माझ्याकडं दाखवलं आणि लगेच खाली घेतलं.

कौसल्या उठली. फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. जवळ येऊन माझा चष्मा काढला, अगदी हळू, लहान मुलाच्या डोळ्यांत काही गेलं असलं तर बघतात तसं. मला वाटलं आता ही कोसळणार. तिनं चष्मा माझ्या हातात दिला.

"मग माझी दोन मुलं तुम्ही नाही नेलीत?"

"नाही ग बाई. मी अकोल्यात फोन जोडत होते. महिन्यापूर्वीपर्यंत तू या जगात आहेस हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं."

तिनं मान हलवली, जणू हिशेब लागला. मग गळ्यातल्या टाकाचा दोरा दातांनी तोडला आणि टाक नवऱ्यासमोर जमिनीवर ठेवला. फेकला नाही. ठेवला.

अण्णांचे ओठ हलत होते. "म्हणजे पहिली बायको जिवंत असताना... कायद्यानं माझ्या पोरीचं लग्न..."

"झालंच नाही, अण्णा," मी म्हटलं. एवढं एक वाक्य बोलताना मला लाज वाटली. बाकी कशाची वाटली नाही.

म्हाताऱ्यानं तोंडावर हात घेतला. पण कौसल्या माझ्याकडं बघत होती. "म्हणजे," ती थांबत थांबत म्हणाली, "मला इथं राहायलाच पाहिजे, असं नाही?"

"नाही."

"कुणी मला परत आणू शकत नाही?"

"कुणीही नाही."

"कौसल्या!" त्र्यंबक उठला. "ऐक. ती काय, आता निघून जाईल. बाहेर कुणाला काही कळायचं कारण नाही. आपण जसं..."

"तिकडं व्हा," ती म्हणाली. तिच्या तोंडून असा आवाज तिनंही कधी ऐकला नसावा. ती आतल्या खोलीत गेली. ट्रंक ओढल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं ती पिवळ्याजर्द पातळात बाहेर आली. तोवर घडीही मोडलेली नव्हती त्याची.

स्टेशनवर आम्ही तिघं एका बाकावर बसलो. त्यांची जळगावकडची गाडी आधी होती. अण्णा सबंध वेळ काठीवर हनुवटी टेकून होते. कौसल्याच बोलत होती, कधी नव्हे तशी. जळगावच्या दवाखान्याचं विचारत होती, फोन कसा जोडतात ते विचारत होती. गाडी लागली तेव्हा तिनं माझ्या पायांना हात लावला नाही. गळ्यात पडली. पुढं दोन वर्षांनी तिचं रीतसर लग्न झालं, चोपड्याकडच्या एका विधुर मास्तराशी. मुलगी झाल्याचं अण्णांनी स्वतः अकोल्याला येऊन सांगितलं.

त्यांची गाडी सुटत असताना त्र्यंबक धावत फलाटावर आला. डब्याबरोबर चार पावलं धावला. कौसल्या खिडकीत होती. तिनं खिडकी लावून घेतली.

तो परत आला आणि माझ्यापुढं उभा राहिला. धापा टाकत होता.

"प्रमिला."

बारा वर्षांनी त्यानं माझं नाव घेतलं. मी टोपलीतून पाण्याचा तांब्या काढून प्याले.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "आईचं ऐकलं. तेव्हा क्षय म्हटलं की लोक दारात उभं करत नव्हते. आई म्हणाली, ती काही जगत नाही, तू मोकळा हो."

माझी गाडी लांबून शिट्टी देत होती.

"एक ऐक." तो बाकाच्या कडेला टेकला. "ती तर गेली. लग्नाची बायको तूच आहेस. आता तुझी तब्येतही चांगली दिसते. घर आहे, दुकान आहे. काही कमी नाही. चल घरी."

मला हसू आलं. मोठ्यानं हसले मी. फलाटावरचा चहावाला वळून बघायला लागला.

"हसतेस काय? उद्या दुकान उघडलं की बाजार विचारील, बायको कुठं आहे. सासरा गावभर करील. घरात एक बाई दिसली तर निदान तोंड तरी दाखवता येईल."

"नाही," मी म्हटलं.

"मग घटस्फोट तरी दे. मला पुन्हा संसार मांडता येईल कुठंतरी."

"तोही नाही. मी ठणठणीत आहे, त्र्यंबकराव. पुष्कळ जगणार आहे. आता कुणी मुलगी द्यायला आलं, तर मी आहे म्हणून सांगायला मी स्वतः येईन."

गाडी फलाटाला लागली. मी टोपली उचलून बायकांच्या डब्यात चढले. तो दाराच्या दांडीला धरून खाली उभा होता. डोळ्यांत पाणी होतं, खरंच होतं. ते बघून मला बरं वाटलं. आजही, सत्तरी उलटल्यावर, आठवलं की बरं वाटतं.

"अगं, पण मी लोकांना सांगू काय?" तो म्हणाला. गाडी हलली होती. तो बरोबर चालू लागला. "प्रमिला, लोकांना काय सांगू मी?"

मी दारातून वाकले.

"सांगा, दुसरीही वारली."